बहाद्दरांचा अंगठा

क्लबात त्यांना सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे. ते अडाणी होते असं मुळीच नाही. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उलटं वाचत यायचे आणि पहिल्या पानावर पोचले की 'यात काही नाही' म्हणून घडी घालून ठेवायचे, पण वाचायचे अक्षर न् अक्षर. नाव पडलं ते त्यांच्या उजव्या अंगठ्यामुळे. चेंडू हातात घ्यायचा, अंगठ्याने एकदा दाबायचा आणि सांगायचं, हा टेनिसचा, हा पॅडलचा, हा मेलेला. कोचने गमतीत नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार, म्हणून पुढे नुसतं 'बहाद्दर' उरलं. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि वही माझ्याकडे असते, म्हणून क्लबात ते मला एकटीलाच माहीत होतं.

मी रिसेप्शनवर बसते. कोर्टाच्या वेळा लिहून घेणं, फोन उचलणं, नवे चेंडू कपाटातून काढून देणं, आणि कुणाचा टॉवेल हरवला की जणू मीच तो पळवलाय अशा नजरा झेलणं, ही माझी कामं. तोंडाने मी फटकळ आहे, हे मला माहीत आहे. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे तोंड सांभाळायची सवय लागली नाही, असं माझी बहीण म्हणते. सकाळी सहाला मी दार उघडायला यायचे तेव्हा बहाद्दर पायरीवर बसलेले असत. किती वाजता येऊन बसत, कोण जाणे. एकदा मी म्हटलं, "बहाद्दर, तुम्ही रात्री घरी जाता की इथेच पायरीवर मुक्काम?" तर म्हणाले, "घरी जातो ना ताई. झोपायला लागतंच की घर."

ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला ताई म्हणायचे. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा दूरदेशी. दर रविवारी चार वाजता त्याचा फोन यायचा.

ज्यांनी पॅडल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोर्ट टेनिसपेक्षा बरंच लहान, मागे काचेच्या भिंती, आणि काचेवर आपटून परत आलेला चेंडूही मारता येतो. रॅकेटला तारा नाहीत, भोकं पाडलेली जाड फळीच ती. आमच्याकडे पाच टेनिस कोर्टं होती. चार वर्षांपूर्वी त्यातली तीन मोडून तिथे काचा उभ्या राहिल्या आणि बघता बघता सगळी गर्दी तिकडे वळली.

आता मेख अशी, की दोन्ही खेळांचे चेंडू दिसायला सख्खे जुळे भाऊ. तीच पिवळी लव, तीच वळत गेलेली पांढरी रेघ, डबेही तसेच, तीन-तीनचे, उघडले की फस्स करणारे. पॅडलचा चेंडू किंचित लहान असतो, पण तो किंचितपणा डोळ्यांना दिसत नाही. खरा फरक पोटातल्या हवेचा. पॅडलच्या चेंडूत हवा जरा कमी दाबून भरलेली असते, म्हणून तो काचेवर आपटला तरी अंगावर धावून येत नाही. टेनिसचा चेंडू काचेच्या खोलीत सोडला तर उधळतो, जाळीवरून बाहेर जातो. आणि पॅडलचा चेंडू टेनिसच्या लांबलचक कोर्टात नेला तर आळशासारखा खाली बसतो. अंगावर छापलेलं नाव आठवड्याभरात घासून जातं. चेंडू या कोर्टातून त्या कोर्टात उडतात, ज्याला जो सापडेल तो खिशात घालतो, आणि संध्याकाळी सगळे एकाच जाळीच्या ढिगात येऊन पडतात. पाचशे-सहाशे चेंडू. ते सकाळी निवडायचे, हेच बहाद्दरांचं काम.

पायऱ्यांखालच्या खोलीत हे काम चालायचं. खोली कसली, उतरत्या छताचा कोनाडाच. आत शिरताना वाकावं लागायचं, आणि एका टोकाला गेलं तर वाकलेलंच राहावं लागायचं. एक स्टूल, तीन टोपल्या, खिळ्याला टॉवेल. मी फोन सुरू व्हायच्या आधी चहाचे दोन पेले घेऊन तिथे जायचे आणि उलट्या बादलीवर बसायचे. बहाद्दर ढिगातून चेंडू उचलायचे, दाबायचे, टाकायचे, आणि टाकता टाकता बोलायचे. काल कोण जिंकलं, कुणाचा नवरा हल्ली दिसत नाही, कोच पोट आत ओढून कुणासमोर चालतो. अंगठा आपला चाललेलाच. मला तर सगळे चेंडू सारखेच लागायचे.

एकदा कोच आला आणि म्हणाला, "बहाद्दर, हे जुने टेनिसचे चेंडू मऊ पडलेत. टाका की पॅडलच्या टोपलीत. हवा गेली की सारखंच ते."

बहाद्दरांनी मान वर केली नाही. "सारखं नाही. म्हातारा झाला म्हणून टेनिसचा चेंडू पॅडलचा होत नाही. तो म्हातारा टेनिसचा चेंडूच राहतो." आणि त्यांनी तो तिसऱ्या, मेलेल्या चेंडूंच्या टोपलीत टाकला.

कोच गेल्यावर मी खूप हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, थकलेल्या टेनिसच्या चेंडूची कातडी जाड असते. आतून रिकामा, वरून कडक. पॅडलचा नवा चेंडू सगळीकडून सारखा दबतो. कोचला नाही कळायचं. त्याचा अंगठा फोनवरच जास्त चालतो."

गेल्या थंडीत माझ्या लक्षात आलं, की ते चेंडू डाव्या हाताने दाबायला लागलेत. मग एका सकाळी मी वाकून आत शिरले तर चेंडू गालाला टेकवून बसले होते, डोळे मिटून. मला बघून चटकन खाली ठेवला. मी चहाचा पेला पुढे केला. पेला इतका तापलेला होता, की मी तो ओढणीत धरून आणला होता. त्यांनी तो उजव्या हातात सरळ अंगठ्याने दाबून धरला आणि धरूनच राहिले.

"बहाद्दर! भाजेल ना!"

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग तो सावकाश स्टुलावर ठेवला. अंगठा लाल झाला होता.

"मेलाय ताई अंगठा," ते म्हणाले. "दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात शीर दबलीय, या वयात परत येईलच असं नाही. टोचलं तरी कळत नाही."

"मग चेंडू कसे निवडता?"

"अंदाजाने."

तेच पुढे म्हणाले, "कुणाला सांगू नका. काम जाईल म्हणून नाही हो, भाकरीपुरतं आहे माझ्याकडे. पण इथून गेलो तर मी दिवसभर बोलू कुणाशी? इथे निदान 'बहाद्दर, चेंडू' म्हणून कुणीतरी ओरडतं. घरात मला हाक मारणारं कुणी नाही. कधी कधी मीच खोकतो, म्हणजे आवाज होतो."

मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन उगाचच फोनवर एका सभासदाला झापलं.

पण अंदाजाने किती दिवस चालणार? त्याच आठवड्यात पॅडलच्या टोपलीत टेनिसचे पाच-सहा चेंडू गेले. दोन नंबरच्या कोर्टावर एक चेंडू काचेवरून असा उधळला, की जाळीपार जाऊन गाड्यांमध्ये पडला. खेळणाऱ्या बाईंनी रिसेप्शनवर येऊन मलाच सुनावलं. सेक्रेटरी तिथेच होते. सेक्रेटरी म्हणजे गोड बोलणारा माणूस, रागावतानाही हसतात. ते पायऱ्यांखाली डोकावले आणि म्हणाले, "काय बहाद्दर, वय झालं वाटतं!" सगळे हसले. बहाद्दरही हसले, पण त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, आणि ते मी पाहिलं.

मग मी शहाणपणा केला. आयुष्यात मी जे जे शहाणपणाने केलंय त्याची यादी काढली तर हे सगळ्यात वर येईल.

नवे चेंडू माझ्या कपाटातून जातात. पॅडलचा डबा द्यायच्या आधी मी तो उघडायचे आणि प्रत्येक चेंडूवर, पांढरी रेघ जिथे सगळ्यात आत वळते तिथे, पक्क्या निळ्या शाईचा एक ठिपका द्यायचे. मोहरीएवढा. मुद्दाम शोधल्याशिवाय दिसायचा नाही. जुन्या ढिगातले पॅडलचे चेंडू हळूहळू मरून गेले आणि तीन आठवड्यांत सगळे ठिपक्यांचे झाले. बहाद्दरांना मी काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की तुमच्या अंगठ्याच्या जागी मी शाई लावलीय?

त्यांना कळलं. दुसऱ्याच दिवशी कळलं असावं, डोळे त्यांचे शाबूत होते. मी बादलीवर बसलेली असताना ते चेंडू उचलायचे, आधी अंगठ्याने दाबायचे, अगदी पूर्वीसारखं, मग सहज केल्यासारखा हातात फिरवायचे आणि टोपलीत टाकायचे. एकही चूक नाही. ते माझ्याकडे बघायचे नाहीत आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघं मूग गिळून बसलेलो आणि तोंडाने मात्र कोचच्या पोटाबद्दल बोलत असायचो. एवढंच की चहा संपल्यावर पूर्वी ते पेला खाली ठेवायचे, आता उठून माझ्या हातात द्यायला लागले. दोन महिने असे गेले. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातल्या बऱ्या दिवसांपैकी ते होते. मला वाटलं, निभावलं.

एका सकाळी सेक्रेटरी स्वतः पॅडल खेळायला आले. खेळ संपवून घाम पुसत रिसेप्शनवर टेकले आणि हातातला चेंडू उगाच फिरवत राहिले. फिरवता फिरवता थांबले.

"हा ठिपका कसला? सगळ्याच चेंडूंवर आहे."

इथे मी 'काय की, कारखान्यातूनच येत असेल' असं म्हणू शकले असते. अगदी साधं वाक्य. रोज रात्री मी ते अजून पाठ करते. पण सेक्रेटरींनी आजवर कधी माझ्या कामाकडे वळून पाहिलं नव्हतं, आणि आता ते भुवया उंचावून माझ्याकडे बघत होते. माझी जीभ सुटली.

"मी लावते. पॅडलचे आहेत ना, टेनिसच्यात मिसळू नयेत म्हणून."

"वा!" सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी चेंडू डोळ्यांपाशी नेला. "वा, वा! इतकी साधी युक्ती! अहो, म्हणजे आता हे काम कुणीही करेल. साफसफाईवालेसुद्धा जाता जाता निवडतील. त्यासाठी एक माणूस कशाला अडकवून ठेवायचा?" आणि ते मोकळेपणाने, मनापासून हसले. "तुमचं डोकं चालतं हां. कमिटीत सांगतो मी."

मी मागे पाहिलं. बहाद्दर पॅडलची भरलेली टोपली घेऊन दारात उभे होते. किती वेळचे, ठाऊक नाही. सेक्रेटरींचीही नजर गेली. "अरे बहाद्दर, तुमचाच विषय निघाला होता. एकतीस वर्षं झाली ना? आता आराम करा की जरा. नातवंडांत रमा."

त्यांची नातवंडं त्यांनी फोनमध्येच पाहिली होती. बहाद्दर म्हणाले, "हो साहेब." टोपली खाली ठेवली, उसळून बाहेर पडलेला एक चेंडू उचलून परत आत टाकला आणि गेले.

महिनाअखेरीला त्यांनी खोलीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. खांद्यावर तो टॉवेल होता. मी म्हटलं, "बहाद्दर, माझ्यामुळे झालं हे. मी मुद्दाम नाही..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "दोन महिने जास्त मिळाले तुमच्यामुळे. ते कोण देतं?"

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही काहीतरी बोलले असते आणि मामला मिटला असता. ते पायऱ्या उतरून गेले. फाटकापाशी कोच कुणाशी तरी बोलत होता, त्याने न बघताच हात हलवला.

चेंडू आता साफसफाईवाल्या बाई निवडतात. पंधरा मिनिटांत होतं. कुणाची तक्रार नाही. बहाद्दर कुठे गेले असं एका सभासदाने विचारलं, ते सुद्धा अकरा दिवसांनी, आणि त्याचा फोन वाजला म्हणून उत्तर ऐकायला तो थांबला नाही. सकाळी सहाला पायरी रिकामी असायची. मी एकटीपुरता चहा करायला लागले आणि तो गार होईपर्यंत विसरायला लागले. उलट्या बादलीवर जाऊन बसायची एकदा इच्छा झाली, तर ती बादली फरशी पुसायला गेली होती.

चौथ्या रविवारी मला राहवलं नाही. हजेरीच्या वहीत पत्ता होता. निघताना मी ढिगातून दोन चेंडू उचलून पिशवीत टाकले, एक ठिपक्याचा, एक बिनठिपक्याचा. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच.

तिसऱ्या मजल्यावर एकच खोली. पलंग, टेबल, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. खिडकीत बायकोचा फोटो, त्याच्यासमोर चष्म्याचं घर. सगळं इतकं आवरलेलं, की दिवसभरात करायला दुसरं काही नाही हे कुणालाही कळावं. बहाद्दरांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि घसा खाकरला. आवाज लगेच फुटला नाही. "ताई," ते म्हणाले. "शुक्रवारनंतर पहिल्यांदा बोलतोय. थांबा, पाणी पितो."

त्यांनी खुर्ची उघडून दिली. मी बसते न बसते तोच चार वाजले आणि फोन आला. मुलगा.

"हो, बरा आहे," बहाद्दर म्हणाले. "हो, जेवलो. कामावर ना? जातो तर. काल मॅच होती, फार गर्दी. सगळे माझ्या नावाने ओरडत होते, बहाद्दर चेंडू, बहाद्दर चेंडू. वेळ कुठे मिळतो? तू ठेव आता, तुला कामं असतील." तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघेनात. मी पिशवीत हात घातला आणि दोन्ही चेंडू टेबलावर ठेवले. ठिपका खालच्या बाजूला राहील असा ठेवला.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. माझी खात्री आहे, पूर्ण मिटले. एक चेंडू उजव्या हातात घेतला, अंगठ्याने दाबला, थांबले, पुन्हा दाबला. मग दुसरा. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलायला लागले, जणू फार लांबचं काहीतरी ऐकताहेत. शेवटी त्यांनी एक चेंडू पुढे केला.

"हा पॅडलचा."

तो टेनिसचा होता. ठिपका दुसऱ्यावर होता.

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला मी थंडीच्या आधी शेवटचा पाहिला होता. डोळे उघडून त्यांनी चेंडू हातात फिरवला, दोन महिन्यांच्या सवयीने, काहीही मनात नसताना. ठिपका नाही. दुसरा उचलून फिरवला. पांढरी रेघ जिथे आत वळते तिथे ते थांबले.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. मी उठायच्या बेतात होते. त्यांनी दोन्ही चेंडू माझ्या पिशवीत परत ठेवले, पिशवीचे बंद नीट एकत्र करून माझ्या हातात दिले.

"ताई," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी येणार असाल तर ठिपका पुसून आणा."

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. फोन होईपर्यंत थांबते, मग पिशवीतून दोन चेंडू काढते. शनिवारीच स्पिरिटचा बोळा घेऊन मी ठिपका पुसून टाकलेला असतो, मागमूस राहणार नाही इतका, आणि मग दोन्ही चेंडू पिशवीत घालून पिशवी हलवते. बहाद्दर डोळे मिटतात, दाबतात, सांगतात. मी "बरोबर" म्हणते. बरोबर की चूक, हे आता मलाही माहीत नसतं.